आमचा बर्फातला हत्ती

तुमच्या घरी चकल्यांचा घाणा पडत असतो, त्याच सुमारास आमच्या इथे, अमेरिकेच्या युटा संस्थानात, डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ उतरतो आणि मी ग्रीसचा डबा घेऊन शेडमध्ये शिरतो. आत माझा हत्ती उभा असतो. हत्ती हा शब्द आमच्या सौभाग्यवतींचा. "पूर्वी लोकांच्या दारी हत्ती झुलत. आमच्या दारचा नुसताच खातो," असे ती पाहुण्यांना सांगते. खातो म्हणजे पेट्रोल. तरी खंडेनवमीला त्याच्या नाकाडाला हळदकुंकू लावायला तीच आधी येते.

हा हत्ती म्हणजे 1960 च्या दशकातला 'थायोकॉल स्प्राइट'. रणगाड्यासारखे दोन पट्टे, वर पत्र्याची चौकोनी खोली, आत फोर्डचे सहा सिलिंडरांचे इंजिन. मोटारीसारखे स्टीअरिंग नाही. दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावा पट्टा मंदावतो, उजवा पुढे धावतो आणि स्वारी डावीकडे वळते. ज्याने लहानपणी बैलांचे कासरे धरले असतील त्याला हे शिकवावे लागत नाही. वजन दोन टनांच्या घरात. पण ते रुंद पट्ट्यांवर असे पसरते की चौरस इंचाला एक पौंडाचाही भार पडत नाही. जिथे तुम्ही-मी कमरेइतके रुतू, तिथून हा डौलात निघून जातो. हत्ती खरा, पण पाऊल मुंगीचे.

एका स्कीइंगच्या मैदानाने नवी यंत्रे आणल्यावर याला मोडीत काढला होता. मी नोकरीतून निवृत्त झालो, तो हाही निवृत्त झालेला, दोघांचे जमले. त्याचे काम म्हणजे मागे जड रूळ बांधून भुसभुशीत बर्फ दाबायचा आणि सारखा करायचा. आमच्या वस्तीपासून हमरस्त्यापर्यंतची तीन मैलांची वाट हिवाळाभर आम्ही दोघे राखतो. आता यात काय शिकायचे, असे कोणी म्हणेल. पण दाबलेला बर्फ लगेच घट्ट होत नाही. त्याचे कण एकमेकांना हळूहळू सांधले जातात. म्हणून संध्याकाळी रूळ फिरवावा आणि रात्रभर वाटेला हात लावू नये. दह्याला विरजण लावल्यावर भांडे हलवू नये, तसेच हे. सकाळी वाट फरशीसारखी मिळते. मध्येच कोणी उत्साहाने चालून गेला, तर त्याची पावले आठवडाभर खड्डे होऊन राहतात.

जुने यंत्र बाळगायचे म्हणजे अशी सबुरी पदोपदी लागते. इंजिनाचे सुटे भाग कुठेही मिळतात. पट्ट्यांचे तसे नाही. थायोकॉलने हा धंदा 1978 साली मोटारवाल्या जॉन डिलोरियनला विकला. पुढे लोगन गावचा तो कारखानाही बंद पडला. आता पट्ट्याची एक पोलादी आडपट्टी वाकली, तरी कोणाच्या कोठारात तशी पडली आहे का, याची चौकशी करीत चार गावे पालथी घालावी लागतात.

खरी परीक्षा कडाक्याच्या थंडीतली. रबर ताठ होते, तेल काकवीसारखे घट्ट होते, पट्टे जमिनीला गोठून बसतात. म्हणून हत्तीला नेहमी लाकडी फळ्यांवर उभा करायचा. इंजिन सुरू झाले म्हणजे यंत्र तयार झाले असे नव्हे. त्याला गरम होऊ द्यावे, मग बोटभर पुढे, बोटभर मागे असे हलवून पट्टे मोकळे करावेत. हिसका दिला की पट्टा फाटलाच.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, मध्यरात्री शेजारचा तरुण दार ठोठावीत आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. वाटेवर वाऱ्याने बर्फाचे ढीग रचले होते, आणि रुग्णवाहिका हमरस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. पारा उणे 25 सेल्सियस. मी इंजिन सुरू केले आणि म्हणालो, "वीस मिनिटे." त्याने माझी कॉलरच धरायची बाकी ठेवली. "इंजिन चालू आहे, मग निघत का नाही?" मी बोललो नाही. सौभाग्यवतींनी त्या मुलीला घोंगड्यांत गुंडाळले, त्याच्या हातात चहाचा पेला दिला. ती वीस मिनिटे मलाही जड गेली. मग पट्टे सुटले आणि आम्ही निघालो. वाटेत एकदाही थांबावे लागले नाही. आता ती पोर तीन वर्षांची आहे, आणि हत्तीवर बसायचा हट्ट धरते.

त्या रात्रीनंतर यंत्रावरच्या नावाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. थायोकॉल ही मुळात रबराची कंपनी. मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी थंडीत गोठू नये म्हणून औषध शोधता शोधता एका रसायनशास्त्रज्ञाच्या हाती भलताच दुर्गंधी चिकटा आला. तेच कृत्रिम रबर. गंधक आणि सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून कंपनीचे नाव पडले. पुढे त्याच रबरातून रॉकेटचे घन इंधन निघाले, आणि कंपनी अवकाशयानांची मोठी रॉकेटे याच युटात बनवू लागली. रॉकेटच्या सांध्यांत रबरी कडी बसवलेली असत.

27 जानेवारी 1986 च्या रात्री फ्लोरिडात थंडीची लाट होती. रॉजर बोईजोली आणि त्यांचे सहकारी अभियंते युटातून टेलिफोनवर परोपरीने सांगत होते की, या थंडीत रबर ताठ होईल, सांधा वेळेवर बंद होणार नाही, उद्याचे उड्डाण थांबवा. थोडे थांबले असते तर ऊन पडणारच होते. पण वरिष्ठांनी अखेर होकार दिला. दुसऱ्या दिवशी 73 सेकंदांत चॅलेंजर यानाचा चुराडा झाला. सात माणसे गेली. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांना दाखवला. रबर दाबले, ते पटकन मूळपदावर येईना.

ज्या कंपनीने बर्फात चालणारी यंत्रे बनवली, तिच्या माणसांना थंडी कळत नव्हती असे कसे म्हणावे? ज्यांना कळत होती ते सांगत होते. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळ होते.

आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, आता वय झाले. विकून टाका." वय झाले हे खरे, उंच पायरीवर पाय टाकताना गुडघा कुरकुरतो. पण वस्तीला वाट लागणारच, म्हणून विकणार नाही. येत्या नाताळात तो सुट्टीला येईल, तेव्हा भल्या पहाटे त्याला शेडमध्ये नेणार आहे. दांडे कसे ओढावेत हे तासाभरात येईल. त्याआधी त्याचे मनगटी घड्याळ मात्र मी काढून माझ्या खिशात ठेवणार आहे.