बापाच्या कीर्तीचा हिशेब

इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेला एक पट्टेरी ग्रेहाउंड काचेआड उभा आहे. हा मिक द मिलर. १९२६ साली आयर्लंडमधल्या एका पाद्र्याकडे जन्मलेल्या या कुत्र्याने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लिश डर्बी मारली. सलग १९ शर्यती जिंकल्या. पुढे त्याला पैदाशीसाठी ठेवलं. पिल्लं झाली, पण बापाएवढं नाव एकानंही काढलं नाही. रक्तातून वेग थोडाफार उतरतो, नशीब उतरत नाही.

तरीही ग्रेहाउंड शर्यतींच्या या खेळात बापाच्या नावाला सोन्याचा भाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या फर्नांडो बेलने २०१५ साली बक्षिसांच्या कमाईत दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. तिथवर पोहोचलेला तो पहिला ग्रेहाउंड. पुढे पैदाशीचा नर म्हणूनही तो अव्वल ठरला. अशा कुत्र्याला आता मादीजवळ न्यावंही लागत नाही. त्याचं वीर्य काडीएवढ्या नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात. मादी माजावर आली की नळी काढायची, वितळवायची आणि कृत्रिम रेतन करायचं. नर मेला तरी त्याची पिल्लं जन्मत राहतात.

मादी वर्षातून फार तर दोनदा माजावर येते. त्यामुळे तिच्या नावावर मोजकी पिल्लं लागतात आणि नराच्या नावावर शेकड्यांनी. पिल्लात अर्धं रक्त आईचं असतं, पण कौतुक सगळं बापाचं. शिवाय पिल्लंच इतकी असली, की त्यांतली काही जिंकणारच. त्या थोडक्यांच्या जोरावर बाप थोर ठरतो. उरलेल्यांचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या सरकारी चौकशीने २०१६ साली दिलं. चौकशी करणाऱ्या मायकेल मॅकह्यू यांच्या अहवालानुसार आधीच्या १२ वर्षांत त्या एका राज्यात ४८,८९१ ते ६८,४४८ ग्रेहाउंड मारले गेले, कारण ते शर्यतीच्या कामाचे नव्हते. ही सगळी कोणत्या ना कोणत्या नराचीच लेकरं. सरकारने शर्यतींवर बंदीची घोषणा केली आणि दबाव येताच तीन महिन्यांत मागे घेतली. न्यूझीलंडने मात्र डिसेंबर २०२४ मध्ये हा खेळच बंद करायचं ठरवलं.

जिथे शर्यती चालू आहेत, तिथे माझी मागणी साधी आहे. अव्वल नरांच्या यादीत पिल्लांच्या कमाईशेजारी आणखी तीन आकडे छापा: किती जन्मली, किती धावली आणि धावणं थांबल्यावर किती जिवंत घरी गेली. रेतनाच्या प्रत्येक शुल्कातला ठरलेला वाटा पिल्लांच्या आयुष्यभराच्या सांभाळासाठी बाजूला काढा. बापाच्या नावावर पैसा मिळवणाऱ्याने त्याच्या हरलेल्या लेकरांचीही जबाबदारी घ्यायला हवी.

आपल्याकडेही बैलगाडा शर्यतींसाठी नावाजलेल्या खिल्लार वळूची वासरं हौसेनं घेतली जातात. घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: वळूने काय मारलं ते जरूर विचारा, पण त्याची न पळालेली वासरं आज कुणाच्या दावणीला आहेत, तेही विचारा.