मालक म्हणायचे आणि मजुरासारखे राबवायचे!

‘नोकरीच्या मागे लागू नका, स्वतःच्या गाडीचे मालक बना!’ अशी हाक आज चोहोकडून दिली जात आहे. भरतीची वाट पाहून मुलगा थकलेला असतो. निवृत्तीच्या वेळी हातात ग्रॅच्युइटी पडते. त्यातले दीड-दोन लाख भरून त्याला टेम्पो घेऊन द्यावा, हा विचार रेल्वे आणि टपाल कामगारांच्या घराघरात होतो. बेळगाव, निपाणी, सोलापूरकडची काही मुले तर थेट बेंगळुरूची वाट धरतात. म्हणून तिथल्या सर्जापूर रोडवर हे ‘मालकपण’ कसे असते, ते तपासले पाहिजे.

हा रस्ता आगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र असा सर्जापूरला जातो. वाटेत विप्रोचे मुख्यालय आहे, दुतर्फा मोठमोठ्या सोसायट्या आहेत, जवळच कारमेलराम रेल्वे स्टेशन आहे. सोफा, फ्रीज, किराणा, फरशी, प्लायवूड असा सगळा माल इथे लहान टेम्पोतून पोहोचतो. ऑर्डर मोबाईलवर येते आणि भाड्याचा दरही मोबाईलच ठरवतो. ‘मालका’ला फक्त हो किंवा नाही म्हणायचा अधिकार!

हिशेब मांडा

उदाहरणादाखल समजा, बॉडी-पासिंगसह गाडी 8 लाखांना रस्त्यावर आली. दीड लाख रोख भरले, साडेसहा लाख कर्ज काढले. 12 टक्के व्याजाने 48 महिन्यांचा हप्ता सुमारे 17,100 रुपये होतो. महिन्याचे 26 दिवस, रोज 60 किलोमीटर, रिकाम्या फेऱ्या धरून. लिटरला 13 किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरले तरी 10,800 रुपये जळाले. विम्याचे महिन्याला अडीच हजार धरा. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच जून 2022 च्या दराने वर्षाला 16,049 रुपये आहे. टायर-दुरुस्तीचे 4,000. एकूण खर्च 34,400.

कमिशन जाऊन भाड्याचे 50,000 हाती आले, तर उरले 15,600. रोज बारा तास म्हणजे 312 तास. तासाला पन्नास रुपये! त्यात घरभाडे, जेवण, आजारपण सारे आले. प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, ओव्हरटाइम नाही.

कोणी म्हणेल, चार वर्षांनी गाडी आपलीच होते ना? होते; पण त्या वेळी ती चार वर्षे जुनी असते. आणि तोवर दोन महिने ताप आला किंवा धंदा बसला, तर फायनान्सवाला गाडी ओढून नेतो. दीड लाख बुडतात ते बापाच्या ग्रॅच्युइटीचे.

वेळेची किंमत कोण देतो?

रेल्वेतल्या साथींना सांगायला नको की ठरलेल्या मुदतीपेक्षा वॅगन अडकवून ठेवली तर पार्टीला डेमरेज भरावे लागते. सोसायटीच्या फाटकावर तीन तास ताटकळणाऱ्या टेम्पोचे पुरेसे डेमरेज कोण भरतो? अडकलेल्या वाहतुकीत जळणाऱ्या डिझेलचे पैसे कोण देतो?

ट्रकवाल्यांना मोबाईलवरून माल मिळवून देणाऱ्या ब्लॅकबक कंपनीचे शेअर नोव्हेंबर 2024 मध्ये बाजारात आले. सप्टेंबर 2025 मध्ये याच कंपनीच्या प्रमुखाने खड्डे आणि रोजच्या दीड तासाच्या प्रवासाला कंटाळून जवळच्या बेलंदूरमधली कचेरी हलवत असल्याचे जाहीर केले. कंपनीला रस्ता नकोसा झाला की कचेरी हलते. टेम्पोवाल्याने कुठे जायचे? त्याची कचेरी तोच रस्ता आहे!

हा डाव जुनाच आहे

कामगाराला कामगार म्हणायचे नाही, म्हणजे त्याचे हक्क द्यावे लागत नाहीत. टपाल खात्याने ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट’ हे नाव त्याचसाठी वापरले. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नागरी पदधारक असल्याचे मान्य केले. तरी ग्रामीण डाक सेवकांचा झगडा अजून संपलेला नाही. लोको रनिंग कर्मचाऱ्यांना दहा तासांच्या ड्यूटीसाठी 1973 साली चाके थांबवावी लागली. टेम्पोवाल्याच्या ड्यूटीला तासच नाहीत. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस दिला, पण पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. एकट्या मालक-चालकाला कामाचे तास तेव्हाही नव्हते, आजही नाहीत. पगारी ड्रायव्हर कामावर असताना दगावला तर त्याच्या कुटुंबाला नुकसानभरपाईचा हक्क आहे. स्वतःची गाडी चालवणारा दगावला, तर त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला विमाच काय तो आधार!

वाट महाराष्ट्राने दाखवली आहे

माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या व्यापाऱ्याची. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून त्याने 1969 चा कायदा मिळवला. माल ज्याचा, त्याने मजुरीबरोबर लेव्हीही मंडळाकडे भरायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. 2025 साली कर्नाटकाने गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यात हेच तत्त्व आहे: कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेच्या 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायचे. त्यात मालवाहतूकही येते. ही लेव्ही खरोखर वसूल होते की कागदावर राहते, हे संघटनेच्या ताकदीवर ठरणार आहे. एकजुटीची ताकद जानेवारी 2024 मध्ये देशाने पाहिली. ‘हिट अँड रन’च्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ट्रकवाले थांबले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम बाजूला ठेवावे लागले.

मुलाने गाडी घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. पण घ्यायचीच असेल तर घर गहाण ठेवू नका. निवृत्तीचा सगळा पैसा गुंतवू नका. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा. एखाद्या दुकानाचे वा गोदामाचे बांधील काम आधी मिळवा, मगच शोरूमची पायरी चढा. पहिल्याच महिन्यात संघटनेची पावती फाडा.

आणि रेल्वे-टपालातल्या साथींनो, हा प्रश्न परक्यांचा समजू नका. स्वातंत्र्यानंतर देशाचा बहुतेक माल रेल्वेने जात असे. आज तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आहे. जो माल आपल्या हातून गेला, तो या कर्जबाजारी ‘मालकां’च्या पाठीवर आला. त्यांची मजुरी जितकी स्वस्त, तितकी आपली नोकरी कंत्राटावर टाकणे सोपे. म्हणून मागणी एकच सुरात करू या:

प्रत्येक फेरीला किमान भाडे! थांबलेल्या प्रत्येक तासाचे डेमरेज! प्रत्येक ऑर्डरवर लेव्ही!

कामगार एकजुटीचा विजय असो!