गावच्या घरातला कॅमेरा

मार्च २०२४ मध्ये आमच्या लेस्टर सिटी कौन्सिलवर सायबर हल्ला झाला, आणि काही रस्त्यांवरचे दिवे भरदिवसाही चालूच राहिले. दुरून दिवे सांभाळणारी यंत्रणाच बंद होती. मग आई-बाबांची काळजी म्हणून आपण गावच्या घरात लावलेल्या कॅमेऱ्याचं काय?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच पासवर्ड असलेली अशी उपकरणं विकायला बंदी आहे. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. पण हे नियम नव्या मालासाठी. भिंतीवरचा जुना कॅमेरा तसाच राहतो. २०१६ मध्ये 'मिराई' मालवेअरने असेच कॅमेरे लाखांनी ताब्यात घेतले. त्याच्याकडे होती कंपनीतून येणाऱ्या साठेक पासवर्डांची यादी, बस्स!

म्हणून सुट्टीत घरी गेलात की पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर अपडेट करा. बसवणाऱ्याने राउटरमध्ये कॅमेऱ्यासाठी 'पोर्ट' उघडा ठेवला असेल, तर बंद करून घ्या. आणि कॅमेरा कुठल्या खोलीत नको, हे आई-बाबांनाच विचारा. घर त्यांचं आहे.