डाउनलोडची तोटी कुणाच्या हातात?

मोबाइल अ‍ॅपमध्ये क्लाउडवरची फाइल किती वेगाने उतरावी, हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे का? हे आम्हाला आमच्याच एका इंजिनिअर मित्राने विचारले. प्रश्नात थोडी थट्टा होती. आम्ही मात्र उत्तर गंभीरपणे देणार आहोत, कारण या प्रश्नापायी एका मुलीचा फॉर्म राहिला आहे आणि चूक आमची आहे.

नाशिकमधल्या एका वस्तीतली अभ्यासिका. संध्याकाळी आठ-दहा पोरं-पोरी बसतात. कुणी एमपीएससीची तयारी करतो, कुणी पोलीस भरतीची, कुणी कामावरून सुटून मुक्त विद्यापीठाची पुस्तके उघडते. वाय-फाय नाही. एकाच्या फोनचा हॉटस्पॉट आणि त्यावर सगळे. आम्ही क्लाउडवर एक फोल्डर केला: बाबासाहेबांचे खंड, जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीचे जीआर. मित्रांनी त्यासाठी छोटे अ‍ॅप बनवून दिले. एका मुलाने त्यात ‘सगळे उतरवा’ हे बटण दाबले. शेजारी बसलेली मुलगी त्याच वेळी भरतीचा अर्ज भरत होती, शेवटच्या दिवशी. तिचे पान उघडेचना. थोड्या वेळाने हॉटस्पॉटवाल्याचा दिवसाचा दीड जीबी संपला आणि वेग 64 केबीपीएसवर आला. या वेगाने 100 एमबीची एक फाइल उतरायला साधारण साडेतीन तास लागतात. मुदत मध्यरात्री संपली.

झाले काय, ते नीट समजून घ्या. आमचे अ‍ॅप एका वेळी सहा जोडण्या उघडत होते. अर्जाच्या पानाची जोडणी एक. नेटवर्क साधारणपणे जोडण्यांमध्ये वाटणी करते, ती जोडणी कुणाच्या कामाची आहे हे पाहत नाही. म्हणजे सातातले सहा वाटे पुस्तकांना आणि एक वाटा मुलीला. अ‍ॅपमध्ये एक मर्यादा असती, की दर सेकंदाला इतकेच बाइट घ्यायचे आणि मग थांबायचे, तर समोरचा सर्व्हरही आपोआप हळू पाठवतो. 1 एमबीपीएसची मर्यादा लावली तरी 100 एमबीची फाइल तेरा-चौदा मिनिटांत येते. पुस्तकाला घाई नव्हती. अर्जाला होती.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. वेग कमी केल्याने डेटा वाचत नाही. 100 एमबी हळू आले तरी ते 100 एमबीच. डेटा वाचवायचा तर दिवसाची कमाल मर्यादा वेगळी हवी आणि फाइल अर्धवट राहिली तर उरलेला भागच उद्या मागता आला पाहिजे. तंत्रज्ञानात ही सोय जुनीच आहे. पण बरीच अ‍ॅप तुटलेले डाउनलोड पहिल्यापासून सुरू करतात, आणि काल खर्च झालेला डेटा आज पुन्हा खर्च होतो.

आता मोठ्यांचे बघा. गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या आवृत्तीत डाउनलोडचा वेग किती ठेवायचा, याचा आकडा भरता येतो. ड्रॉपबॉक्समध्येही येतो. मोबाइलवर ड्राइव्ह उघडा, तिथे मिळते ती ‘फक्त वाय-फायवर’ ही खूण. म्हणजे ज्याच्याकडे टेबल, खुर्ची, लॅपटॉप आणि ब्रॉडबँड आहे त्याला वेगाची तोटी, आणि ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याला सल्ला: वाय-फाय मिळेपर्यंत थांब. कुणाच्या घरचे वाय-फाय? अँड्रॉइड 13 मध्ये संपूर्ण फोनच्या डाउनलोडचा वेग बांधायची सोय आली खरी, पण ती डेव्हलपर ऑप्शन्समध्ये. ते दार उघडायला बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटावे लागते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बहुधा गरज नसते.

हे कुणी जात पाहून केले, असे आमचे म्हणणे नाही. बनवणाऱ्याने स्वतःचे घर डोळ्यासमोर ठेवले, एवढेच. पण इतिहास आम्हाला हेच शिकवतो की दार बंद ठेवायला दरवेळी पहारेकरी लागत नाही. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले आणि ओंजळ कोरडी. त्यासाठी 20 मार्च 1927 उजाडावा लागला. आमचा फोल्डरही ‘सर्वांसाठी खुला’ होता, मित्रांनो. लिंक सगळ्यांना पाठवली होती.

आणि खंड फोनवर का वाचावे लागतात? छापील प्रती हाती लागत नाहीत म्हणून. शासनाने 1979 मध्ये पहिला खंड काढला, वसंत मून यांनी या कामात आयुष्य घातले. पण छपाईच्या दिरंगाईची दखल 2021 मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. तेव्हा स्कॅन केलेली जड पीडीएफ हाच अनेकांचा खंड आहे.

काही साथी म्हणतील, आपण वेग मागायचा की संथपणा? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. कोटा संपला की कंपनी वेग कापते, तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही. आम्ही मागतो तो लगाम आपल्या हातातला आहे, हवा तेव्हा आवळायचा, हवा तेव्हा सोडायचा. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने काही संकेतस्थळे स्वस्त आणि बाकीची महाग असा भेदभाव बंद केला, फ्री बेसिक्स गेले, ते योग्यच झाले. गरिबाने काय पाहावे हे कंपनीने ठरवू नये, हा त्यातला मुद्दा. त्याच न्यायाने, गरिबाच्या फोनमधला डेटा कशावर आधी खर्च व्हावा हेही अ‍ॅपने परस्पर ठरवू नये.

‘डेटा आता स्वस्त आहे’ हेही ऐकून झाले. 2016 नंतर तो स्वस्त झाला हे खरे, आणि जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले हेही खरे. पुण्यात फायबरवर बसून अ‍ॅप तपासणाऱ्याला दोन्ही कळत नाही. सुरगाण्याच्या, पेठच्या पाड्यावरून नाशिकला शिकायला आलेल्या मुलाला विचारा. सुट्टीत गावी गेल्यावर रेंजसाठी कुठे उभे राहावे लागते, ते तो सांगेल. बाबासाहेबांनी मार्च 1956 मध्ये आग्र्यात शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो. ती आमच्या कोडमध्ये उतरली आहे, हे त्या रात्रीपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते.

आता अ‍ॅपमध्ये बदल केले आहेत. एका वेळी एकच जोडणी, वेग सुरुवातीपासूनच बांधलेला, मर्यादा बदलायची पट्टी पहिल्याच पडद्यावर, मराठीत. प्रत्येक फाइलपुढे तिचा आकार. ‘सगळे उतरवा’ हे बटण काढले. खंडांचे प्रकरणवार तुकडे करायचे काम अजून बरेच बाकी आहे, त्याला हात हवे आहेत. ज्यांना कोड येत नाही त्यांनीही यावे, पाने मोजायला आणि प्रकरणांची नावे टाइप करायला. नवे अ‍ॅप तपासताना घरचे वाय-फाय बंद ठेवायचे, हा नियम आमच्या इंजिनिअर मित्रानेच सुचवला. ती मुलगी पुढच्या जाहिरातीची वाट पाहते आहे.