कौतुक पुरे, वाट द्या!

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. भिलाईच्या परिसरातील एका मराठी मंडळाच्या गायनस्पर्धेत चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या एका तरुणीचे नाव पुकारले गेले. मंचाला पाच पायऱ्या होत्या. आम्ही चौघांनी तिला खुर्चीसह उचलून वर नेले. तिने अद्याप स्वरही लावला नव्हता, तोच मंडप टाळ्यांनी दणाणला. गाणे संपल्यावर परीक्षकांनी गाण्याविषयी अवाक्षर न काढता तिच्या जिद्दीची स्तुती केली आणि तिला शाल दिली. खाली आणताना ती हळूच म्हणाली, "दादा, अंतऱ्यात माझा स्वर उतरला होता. कोणी सांगितले कसे नाही?" अहिवाऱ्याला घरी पोहोचेपर्यंत त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही.

ती स्पर्धेसाठी आली होती. आम्ही तिला स्पर्धेबाहेर काढून तिची पूजा केली. आमच्या रसिकतेवरचा माझा आरोप हाच आहे. अपंग कलावंताला आम्ही टाळ्या देतो, पण मंचावर जाण्याची वाट देत नाही आणि त्याच्या कलेला परखड कानही देत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : "जिद्द असली की सारे जमते. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांना जमले नाही का?" अवश्य जमले. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाची दृष्टी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली आणि त्यानेच पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. परंतु मधला भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याच्यामागे मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय होता आणि शिकवायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. सुधा चंद्रन यांना १९८१च्या अपघातानंतर पाय गमवावा लागला, तरी त्या पुन्हा नृत्याच्या मंचावर उभ्या राहिल्या, हेही खरेच. पण त्या उभ्या राहिल्या त्या जयपूर फूट या कृत्रिम पायावर. जिद्द त्यांची, व्यवस्था समाजाची. व्यवस्थेचा खर्च चुकवण्यासाठी जिद्दीचे गोडवे गाणे हा शुद्ध कंजूषपणा होय.

दुसरा आक्षेप अधिक पांडित्याचा : आपले संगीत गुरुमुखातून येते, तेव्हा अंधाला स्वरलिपीची गरज काय? मग डोळसांच्या हातात पुस्तके कशाला देता? तेही कानानेच शिकतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली आणि ताराला वर बिंदू असतो. ही सारी खूण डोळ्यांसाठी. ब्रेलमध्ये सहा ठिपक्यांची घरे एकामागून एक येतात. वर-खाली चिन्ह लावण्यास तेथे जागा नाही. म्हणून तीच चिन्हे अक्षराच्या ओळीत बसवावी लागतात. हे अशक्य नव्हे. स्वतः लुई ब्रेल ऑर्गनवादक होता आणि १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकातच संगीतलेखनाचा विचार होता. अंधांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्यास आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ सालच्या दुरुस्तीपासून मोकळीक दिली आहे. आपल्या शेजारी खैरागढला १९५६ पासून संगीताचे विद्यापीठ उभे आहे. तेथील जाणकारांना आपल्या मंडळांनी या कामासाठी साकडे घालावे.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि जागेचा. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. मंच अडीच फूट उंच असेल तर तीस फूट हवेत. मंडपात एवढी जागा कोठून आणावी? प्रश्न रास्त आहे. पण मंच अडीच फूट उंच असावा असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? तो एक फुटाचा करा, बारा फुटांत काम भागते. कर्णबधिर सभासदाला नाटकाची संहिता आधी वाचायला देण्यास तर जागाही लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगभूमीवर आणले. तेथे अख्खे नाटक उभे राहिले. येथे आमची पायरी हलत नाही.

२०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २९व्या कलमाने कला सर्वांना सुलभ करण्याचे आणि कलाविषयक अभ्यासक्रमांची त्या दृष्टीने पुनर्रचना करण्याचे कर्तव्य सरकारांवर व स्थानिक संस्थांवर घातले आहे. परंतु केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला हे पक्के ठाऊक आहे की, कोणी मागणी केल्यावाचून कलम फाइलीतून उठून चालू लागत नाही. ती मागणी आपण करायची आहे, आणि तिचा आरंभ आपल्याच मंडपापासून करायचा आहे.

तेव्हा पुढील गणेशोत्सवात शाल आणू नका. मंच ठेंगणा करा, रॅम्प बांधा. ती मुलगी आपली खुर्ची आपल्या हाताने चालवीत वर जाईल आणि गाईल. आणि अंतऱ्यात पुन्हा तिचा स्वर उतरलाच, तर परीक्षकांनी निःसंकोचपणे तिचे गुण कापावेत. गेल्या वर्षी तिने आमच्याकडे एवढेच मागितले होते.