खाणीतील धूळ आणि खर्चाचा हिशेब

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महादुर्बीण अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओलहरी टिपते. अशा देशाला कोळसा खाणीत साचणारा मिथेन मोजता येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न ज्ञानाचा नाही, खर्चाचा आहे.

हवेत मिथेनचे प्रमाण 5 ते 15 टक्के झाले की एक ठिणगी पुरते. त्या स्फोटाने उडालेली कोळशाची धूळ पेटते आणि आग बोगद्याबोगद्यांतून धावत सुटते. 1906 मध्ये फ्रान्समधील कूरिएर येथे धुळीच्या स्फोटाने 1,099 बळी घेतले. भरपूर वायुवीजन, धुळीवर पाण्याचा फवारा, चुनखडीची भुकटी आणि वायूची नियमित मोजणी हे उपाय जुनेच आहेत. आपल्या 1957 च्या कोळसा खाण नियमावलीनेही ते बंधनकारक केले.

तरीही 28 मे 1965 रोजी तत्कालीन बिहारमधील धोरी खाणीत 268 कामगार स्फोटात मेले. ती खाण खासगी होती. 1973 मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, ते योग्यच झाले. परंतु सप्टेंबर 2006 मध्ये झारखंडमधील भाटडीह येथे सरकारी कंपनीच्या खाणीत स्फोटाने 50 जणांचा बळी घेतला, हेही समाजवाद्यांनी विसरता कामा नये. मालकी बदलली, हिशेबाची रीत बदलली नाही. पंख्याची वीज आणि भुकटीची किंमत टनामागील खर्चात धरली जाते. फुप्फुसात साठणारी धूळ कोणत्याच खतावणीत चढत नाही. तिची किंमत कामगाराचे कुटुंब पुढे वर्षानुवर्षे मोजत राहते.

2020 पासून खासगी कंपन्यांना व्यापारी तत्त्वावर कोळसा खाणी लिलावाने दिल्या जात आहेत. उद्या रोजी जाईल या भयाने कंत्राटी कामगार वायूविषयी तोंड उघडत नाही. म्हणून नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात : धूळ व वायूच्या नोंदी प्रत्येक पाळीला खाणीच्या तोंडाशी मराठी-हिंदीत लावाव्यात, कामगारांनी निवडलेल्या निरीक्षकास काम थांबविण्याचा अधिकार असावा, आणि कंत्राटी व निवृत्त कामगारांचीही फुप्फुसतपासणी कंपनीच्या खर्चाने व्हावी.

खाण राष्ट्राची झाली, एवढ्याने भागत नाही. खाली उतरणाऱ्याच्या श्वासावर त्याचा स्वतःचा अधिकार प्रस्थापित होईपर्यंत राष्ट्रीयीकरण अपुरेच राहील.