चार भिंतींच्या आंत : ओलीचा माग

पाऊस ओसरला, नवरात्र संपलें आणि दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले, कीं आमच्या मध्यमवर्गीय गृहस्थांच्या ठायीं एक विलक्षण उत्साह संचरतो. एरवीं ज्यांचा हात लेखणीपलीकडे किंवा संगणकापलीकडे जात नाहीं असे हे सद्गृहस्थ रविवारीं सकाळीं चहा होतांच जुने कपडे चढवून, घमेलें, थापी आणि पुट्टीचा डबा घेऊन माजघराच्या भिंतीसमोर उभे राहतात. पावसाळ्यांत निघालेले पोपडे दिवाळीच्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडूं नयेत ही त्यांची इच्छा असते. आणि गवंड्याची मजुरी ऐकल्यावर 'एवढें तर आपणहि करूं' असा त्यांचा निश्चय झालेला असतो. मोबाइलवरील चार मिनिटांच्या चित्रफितींत कोणी हंसतमुख मनुष्य असलीच भिंत आरशासारखी गुळगुळीत करून दाखवतो, त्यानें त्या निश्चयास बळ येतें. दोन रविवार, घरांतील चार माणसांची मनःशांति आणि स्वयंपाकघरांतील एक चांगली बादली एवढें खर्चीं पडल्यावर भिंत खरोखरच बरी दिसूं लागते. पुढल्या आषाढांत पोपडे पुन्हां निघतात. मात्र या खेपेस ते हातभर वर निघतात.

हा 'हातभर वर'चा प्रकार आम्हीं इतक्या घरांतून पाहिला आहे, कीं या महिन्याचें टिपण त्यालाच द्यावें असें आम्हांस वाटलें.

घरची दुरुस्ती घरच्यांनीं करूं नये, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. उलट, हाताच्या कामाकडे आपल्या वर्गानें पिढ्यान्‌पिढ्या जें नाक मुरडलें, त्याची थोडी भरपाई यानें होत असेल तर बरेंच आहे. हस्तोद्योगांतून शिक्षण द्यावें हा विचार वर्ध्याच्या परिषदेंत १९३७ सालीं मांडला गेला. आमच्या घरांतून तो बहुधा मुलांच्या वहीवरच्या निबंधापुरता राहिला. तेव्हां चाळिशीच्या गृहस्थाला ओळंबा कसा धरावा हें ठाऊक नसलें, तर दोष एकट्या त्याचा नव्हे. शिवाय हात अनाडी असणें ही मोठी अडचण नव्हेच. कालवलेलें सिमेंट अर्ध्या-पाऊण तासांत धरूं लागतें, म्हणून तेवढ्या वेळांत संपेल तेवढेंच कालवावें आणि आळलेल्या मालांत पुन्हां पाणी घालून त्याला जिवंत करण्याचा खटाटोप करूं नये, हें एकदां घमेलें फुकट गेलें कीं कोणालाहि कळतें. फळी वांकडी बसली तर पाणसळ विकत आणण्याची बुद्धि होते. एकच गोष्ट मात्र चुकून शिकण्यासारखी नाहीं. विजेच्या बटणाच्या सरळ रेषेंत वर किंवा खालीं भिंतीला भोंक पाडूं नये; तारा बहुधा त्याच रेषेंतून नेलेल्या असतात. हें घरांतील उत्साही मुलांना निक्षून सांगून ठेवावें.

खरा घोटाळा हाताचा नसून दृष्टीचा आहे. पोपडा निघाला म्हणजे भिंत बिघडली असें आपण समजतों आणि पोपडा झांकला म्हणजे भिंत बरी झाली असेंहि समजतों. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला चंदनाचा लेप देऊन त्याला शाळेंत धाडण्यापैकींच हा प्रकार होय.

जुन्या वाड्यांच्या भिंती वीट, माती, दगड आणि चुना यांच्या आहेत. चुनखडी भाजावी, तिचा चुना विझवावा, वाळू घालून तो घाणींत मळावा, त्यांत प्रसंगीं गुळाचें पाणी किंवा हिरड्याचें पाणी घालावें, आणि मग त्याचा गिलावा द्यावा, अशी ती पद्धति. हा चुना हवेंतील कर्बवायु हळूहळू शोषून पुन्हां दगड बनतो; पण तो दगड सच्छिद्र असतो. भिंतींत शिरलेली ओल त्यांतून बाहेर पडूं शकते. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें, आणि आपल्याकडे पोरबंदर येथें १९१४ सालीं तें मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें. तें घट्ट आणि चिवट. नव्या कामाला उत्तम. पण ओलसर चुन्याच्या भिंतीला त्याचा गिलावा दिला, कीं आंतल्या पाण्याची बाहेर येण्याची वाट बंद होते. पाणी नाहींसें होत नाहीं. तें वाट शोधतें. समोरून वाट नसली तर वर चढतें, नाहींतर पलीकडच्या खोलींत उतरतें. पोपडे हातभर वर कां निघतात, याचें उत्तर एवढेंच आहे.

त्या पोपड्यांमागें जी पांढरी, खारट भुकटी दिसते तिला आपण लोणा म्हणतों. जमिनींतून किंवा विटेंतून क्षार विरघळवून पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशीं येतें, तेथें तें उडून जातें आणि क्षार मागें राहतात. त्यांचे स्फटिक फुगतात व वरचा थर ढकलून देतात. मग तो थर चुन्याचा असो, पुट्टीचा असो कीं हमीपत्रासह विकत घेतलेल्या महागड्या वॉटरप्रूफ रंगाचा असो. लोण्यावर पुट्टी फासणारा मनुष्य पुढल्या वर्षीच्या पोपड्याचीच तयारी करीत असतो.

त्यांतून आपला मुहूर्तहि उफराटा. चार महिने पाणी प्यालेली भिंत आश्विनांत सर्वांत जड झालेली असते, आणि नेमकें तेव्हांच आपण तिला रंगाचें कवच चढवतों. कोंकणांत, जेथें वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें तर हें धाडसच म्हणावें लागेल. भिंतीची कामें फाल्गुन-चैत्रांत करावीं, हें जुन्या गवंड्यांना कोणी शिकवावें लागत नसे. परंतु चैत्रांत पाहुणे येत नाहींत, आणि पाहुण्यांवांचून आपल्याला भिंत दिसत नाहीं.

ओलीचें मूळ शोधावयास यंत्र लागत नाहीं; धीर लागतो. भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा आणि दोन-तीन दिवस राहूं द्यावा. दंव तुकड्याच्या मागें धरलें तर ओल भिंतींतून येते. पुढच्या अंगाला धरलें तर ती खोलींतल्या हवेची आहे, आणि तेथें गवंड्याऐवजीं खिडकी उघडणें हाच उपाय. त्याहून सोपी युक्ति म्हणजे ओलीच्या कडेला पेन्सिलीनें रेघ ओढून तारीख घालावी. पावसाबरोबर चढणारी रेघ कौलांकडे, पन्हळीकडे किंवा गच्चीकडे बोट दाखवते. बारा महिने जमिनीपासून दोन-तीन फुटांवर स्थिर राहणारी रेघ जमिनीची. अशा घरीं अंगणांत फरशीवर फरशी घालून जोतें कोणी बुजवलें आहे का, तें आधीं पाहावें. आणि पावसाशीं जिचा कांहीं संबंध नाहीं ती रेघ बहुधा नळाची किंवा मोरीची असते.

हें सारें दिसण्यापुरतें असतें तर आम्हीं एवढी शाई खर्चिली नसती. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा व श्वासाचे इतर विकार अधिक होतात, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. आतां एकत्र कुटुंबांत ओल्या भिंतीलगत कोणाचें अंथरूण असतें, हें वाचकांनीं आपल्याच घरांत फिरून पाहावें. कर्त्या पुरुषाचें नसतें. नव्या जोडप्याचें नसतें. तें आजीचें असतें, नाहींतर परीक्षेला आलेल्या एखाद्या भाच्याचें. तक्रार करण्याचा ज्यांना संकोच, त्यांच्याच वांट्याला ती भिंत येते. मातीच्या भिंतींच्या बाबतींत भय निराळेंहि आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील कितीतरी वाडे कोसळले. पाण्यानें मातीचें काम पायापासून सुटलें कीं वरचें लाकूड किती मजबूत आहे याला अर्थ उरत नाहीं. मुरणारें पाणी तेंच काम वर्षानुवर्षें मुकाट्यानें करतें.

पुण्याच्याच एका जुन्या पेठेंतील वाड्यांत आमचें येणेंजाणें आहे. दोघां भावांनीं तो वांटून घेतला, त्याला तीस वर्षें होऊन गेलीं. आतां दोन्ही बाजूंस त्यांचे मुलगे नांदतात, आणि माजघराची अठरा इंची भिंत दोघांच्या मधोमध आहे. वांटणीच्या वेळीं जिन्यावरून जें बोलणें झालें, त्यानंतर मंगलकार्याच्या अक्षतांपलीकडे दोन्ही घरांचा व्यवहार नव्हता. अलीकडच्या घरांतले अप्पा हे अत्यंत उद्योगी गृहस्थ. पहिल्या वर्षीं ओल गुडघ्याएवढी होती. त्यांनीं पुट्टी भरली. दुसऱ्या वर्षीं ती कमरेस आली. त्यांनीं जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला, सात दिवस पाणी मारलें, आणि काम खरोखर सुबक केलें. तिसऱ्या वर्षीं वॉटरप्रूफ रंग झाला. चौथ्या वर्षीं ओल देवाच्या कोनाड्याशीं पोंचली, तेव्हां भिंतीला लाकडी तावदानें ठोकावींत असा बेत चालला होता. त्या भिंतीपाशीं अप्पांच्या मातोश्री, वय वर्षें त्र्याऐंशीं, निजत असत, आणि त्यांचा खोकला भाद्रपदापासून थांबला नव्हता.

पेन्सिलीची रेघ ओढली ती अप्पांच्या सुनेनें. आषाढांत ओढली, कार्तिकांत ओढली, चैत्रांत ओढली. आणि तिच्या ध्यानांत आलें, कीं सर्वांत मोठी उडी वैशाखांत आहे. वैशाखांत पाऊस नव्हता. पलीकडच्या घरीं मात्र दोघी माहेरवाशिणी मुलांबाळांसह महिनाभर आल्या होत्या, आणि त्या घरची मोरी भिंतीला लागूनच होती.

"बाबा, ही ओल पावसाची नाहीं," ती म्हणाली.

अप्पा कांहीं बोलले नाहींत. भिंतीपलीकडे काय आहे हें त्यांना लहानपणापासून ठाऊक होतें. त्या मोरींत त्यांनीं स्वतः अंघोळी केल्या होत्या. चार वर्षें त्यांनीं जें सिमेंट कालवलें तें किती होतें याचा हिशेब त्यांच्या वहींत आहे. शेजारचें दार ठोठावण्याला त्यांतला एक रुपयाहि लागला नसता. पण स्वतःच्या हातानें काम करण्याचा एक मोठा फायदा असा, कीं त्यासाठीं कोणाशीं बोलावें लागत नाहीं.

आठवडाभरानें आजीच उठल्या. काठी घेऊन, रस्त्यावरून वळसा घालून पलीकडच्या दारांत जाऊन उभ्या राहिल्या आणि पुतण्याला म्हणाल्या, "बाळ, तुझी मोरी एकदां उघडून बघ. माझी गादी भिजते रे."

पुतण्या साठीचा. त्यानें त्याच संध्याकाळीं फरशी उकलली. खालचा खापरी नळ दोन ठिकाणीं फुटला होता, आणि पाणी कोण जाणे किती वर्षें भिंतीच्या पायांत जात होतें. "काकू, हें तेव्हांच नाहीं का सांगायचें?" एवढेंच तो म्हणाला. त्यांतला 'तेव्हां' म्हणजे चार वर्षांपूर्वींचा, कीं तीस वर्षांपूर्वींचा, हें आम्हांस नीट समजलें नाहीं, आणि विचारणेंहि प्रशस्त वाटलें नाहीं.

नवा चार इंची नळ दोघां चुलत भावांनीं मिळून दोन रविवारीं घातला. सांधे तेवढे नळकाम जाणणाऱ्याकडून करून घेतले. चाळीस फुटांस एक फूट हा उतार पाणसळीनें तपासण्यावरून थोडा वाद झाला, पण तो वाद उताराचाच होता. फरशी बंद करण्यापूर्वीं नळांत पाणी तुंबवून रात्रभर ठेवलें आणि सकाळीं दोघांनीं वांकून पाहिलें. मग अप्पांनीं आपल्या हातानें केलेला तो सुबक गिलावा छिन्नीनें उतरवला. इंचाला एक महिना या जुन्या अंदाजानें अठरा इंची भिंत सुकावयास दीड वर्ष लागेल. त्यानंतर तिला चुन्याचाच गिलावा द्यावयाचा असें ठरलें आहे.

त्यामुळें यंदाच्या दिवाळींत त्या माजघराची भिंत उघड्या विटांची राहणार. येणारा प्रत्येक जण कारण विचारील, आणि अप्पांना तें सांगावें लागेल. सुनेची शेवटची रेघ कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशींची आहे. आधीच्या रेघेपेक्षां ती चार बोटें खालीं आहे. आजींची गादी तूर्त ओटीलगतच्या खोलींत हलवली असून, तेथें रस्त्याच्या आवाजानें झोंप लागत नाहीं, अशी त्यांची तक्रार आहे.